आबांच्या कानापर्यंत

माझ्या शिलाईच्या खोलीत ड्रमसेट आहे, हे आमच्या भागातल्या निम्म्या बायकांना ठाऊक आहे, कारण तेवढ्या बायका माझ्याकडून ब्लाउज शिवून घेतात. माप द्यायला आत आल्या की आधी त्या कोपऱ्याकडं बघतात. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्याला अडकवलेली रबराची काळी ताटं, मधे एक बटणांचा डबा, खाली पायानं दाबायच्या दोन पायट्या आणि हातभर वायरींचं जंजाळ. एकीनं विचारलं, पोट कमी करायचं मशीन का हो? दुसरीला वाटलं, पिको-फॉलची नवीन तऱ्हा आणली. ड्रम आहे आणि मीच वाजवते असं सांगितलं की तोंड बघण्यासारखं होतं. "आवं, या वयात?" म्हणतात. मी एक्कावन्न वर्षांची आहे. मी म्हणते, हात वर करा, माप घेऊ द्या.

हा ड्रम विजेवर चालतो. त्या रबरी ताटांवर काडी मारली की खोलीत नुसतं टप्प टप्प ऐकू येतं, पापड लाटताना पोळपाट वाजावा तसं. खरा आवाज त्या डब्यात तयार होतो आणि हेडफोनमधून थेट कानात येतो. मोठा ड्रम, छोटा ड्रम, झांजा, सगळं दणदणीत, पण फक्त वाजवणाऱ्याला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची हौसही भागावी आणि शेजाऱ्यांची झोपही मोडू नये, म्हणून कुणीतरी डोकं चालवून काढलेली वस्तू आहे ही. माझं मात्र काम उलटं होतं. मला एका माणसाला ऐकवायचंच होतं, आणि तो माणूस दिवसेंदिवस बहिरा होत चालला होता.

तो माणूस म्हणजे माझे वडील, आबा. तोफखान्यात हवालदार होते. साताऱ्यापासून अर्ध्या तासावर आमचं गाव आहे, तिथं माझ्या भावाकडं राहतात. वय ब्याऐंशी, पाठ अजून ताठ. कान मात्र तोफांनी खाल्ले. डावा कान निवृत्तीच्या वेळीच गेला होता. उजव्या कानाला यंत्र लावून आजवर चाललं.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. शाळेत बँडपथक होतं. मोठा ड्रम एक दांडगा पोरगा वाजवायचा आणि गळ्यात अडकवायचे दोन छोटे ड्रम होते, त्यातला एक माझ्याकडं आला. आबा सुट्टीवर आले होते. सव्वीस जानेवारीच्या परेडमध्ये मी आहे एवढं मी त्यांना सांगितलं, ड्रमचं नाही सांगितलं. का नाही सांगितलं हे मला तेव्हाही नीट ठाऊक होतं. आबांना वाटलं पोरगी संचलनात चालणार, आणि ते इतके खूश झाले की रोज सकाळी अंगणात मला कवायत शिकवायला लागले. लेफ, राइट, लेफ. छाती पुढं, हनुवटी वर. "मोठा ड्रम वाजला की डावा पाय पडला पायजे," म्हणायचे. "जग हिकडचं तिकडं होऊ दे, पण डावा पाय." आठ दिवसांत त्यांनी तो डावा पाय माझ्या हाडांत मुरवला.

आणि सव्वीस जानेवारीला गावच्या चौकात त्यांनी मला बघितलं ते गळ्यात ड्रम घेऊन वाजवताना. कुणीतरी त्यांच्या शेजारी हसत म्हणालं, "हवालदारसाब, पोरगी लय झ्याक बडवती." दुसऱ्या दिवशी आबा गणवेश घालून शाळेत गेले. हेडमास्तरांशी काय बोलले मला माहीत नाही, पण माझा ड्रम त्याच दिवशी दुसऱ्याच्या गळ्यात गेला. घरी आल्यावर एकच वाक्य म्हणाले, "वाजवायची कामं आपल्या घरात न्हाईत."

वाजवणाऱ्याला हलकं समजायचं आणि लग्नात त्याच्याच पुढं घाम निघेस्तोवर नाचायचं, हा आमच्याकडचा जुना न्याय. चौदाव्या वर्षी मला एवढं कळत नव्हतं. राग मात्र पुरता कळत होता. मी आठ दिवस बाभळीच्या काड्यांनी पाण्याची घागर बडवली, मग आईनं काड्या चुलीत घातल्या. पुढं शिवणक्लास झाला, विसाव्या वर्षी लग्न होऊन सांगलीत आले, मशीन घेतलं आणि ब्लाउज शिवत बसले. आबांशी त्या विषयावर कधी बोलणं झालं नाही. बाकी बाप म्हणून त्यांनी काही कमी केलं नाही, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर कुणी म्हणेल बाई बापाची उणीदुणी काढायला बसली.

ड्रम घरात आला तो असाच अचानक. विश्रामबागेत एका बाईंकडं ब्लाउज पोचवायला गेले होते. त्यांच्या मुलीनं हौसेनं घेतलेला हा सेट, ती नोकरीला परदेशी गेली आणि यावर धुळीचा थर बसला. बाई आत चहा टाकायला गेल्या, मी एका ताटावर बोटानं टिचकी मारली. टप्प. मग दुसऱ्यावर. बाई बाहेर आल्या तेव्हा मी त्यांच्या लेकीच्या स्टुलावर बसलेली होते आणि काड्या माझ्या हातात होत्या. त्या म्हणाल्या, न्या तुम्ही, इथं अडचणच होते. फुकट नको म्हणाले आणि पुढचं त्यांचं माझं ठरलं. माझे हे हळदीच्या पोत्यांची ने-आण करतात, स्वतःचा टेम्पो आहे. त्यांनी तो सेट टेम्पोत घालून आणला, तिसऱ्या मजल्यावर चढवला, घाम पुसला आणि विचारलं, "आता हे ठेवायचं कुठं?" मी काही बोलायच्या आत स्वतःच कपाट सरकवायला लागले. माणूस कमी बोलतो, पण ओझं उचलायला कधी नाही म्हणत नाही.

तोपर्यंत ही नुसती माझी हौस होती. त्याच महिन्यात वहिनीचा फोन आला. आबांना साताऱ्यात कानाच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. उजवा कानही झपाट्यानं उतरतोय, आणखी किती दिवस साथ देईल सांगता येत नाही, म्हणाले. मी आबांना फोन द्यायला सांगितलं. "जेवलात का?" विचारलं तर म्हणाले, "न्हाई, अजून तोड आली न्हाई उसाला." मी फोन ठेवला आणि मशीनवर अर्धवट बाही होती ती तशीच सोडून ड्रमसमोर जाऊन बसले. ठरवलं ते तिथंच. कान आहेत तोवर आबांनी मला वाजवताना ऐकायचं, आणि ऐकून त्यांनी सांगायचं की मी तुला थांबवलं ते चुकलं. पाया पडणं, रडारड, माफी, काही नको. एवढं एक वाक्य पाहिजे होतं मला, आणि ते त्यांच्या तोंडून पाहिजे होतं.

ठरवणं सोपं होतं. वाजवता कुठं येत होतं?

फोनवर शिकवणारे पुष्कळ आहेत. एक गडी मला त्यातला पटला, कारण तो कमी बडबडायचा. त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं, उजव्या पायानं मोठा ड्रम, डाव्या पायाखाली झांजेची पायटी, ती दाबून धरायची, हलवायची नाही. पायटी उचलून दाबली की झांज 'चिक्' करते. मी एक म्हणून उजवा पाय मारला. धम्म. आणि त्याच क्षणी डावा पाय उठून पडला. चिक्. परत मारला. धम्म, चिक्. मोठा ड्रम वाजला की डावा पाय पडला पायजे. सदतीस वर्षांपूर्वी अंगणात घातलेली कवायत, आणि माझ्या पायाला अजून कुणी 'थम' म्हटलंच नव्हतं.

मला आधी हसू आलं, मग चीड आली. ज्यांनी ड्रम हातातून काढून घेतला त्यांचाच हुकूम पाय पाळत होता. मी डाव्या पायावर उशी ठेवली, उशी उडाली. पाय दोरीनं स्टुलाला बांधला, तर दोरी काचून पायाला वळ उठले. शेवटी बटणांची डबी काढली. शिंप्याच्या घरात बटणांना काय तोटा. झाकण न लावता ती उघडी डबी डाव्या गुडघ्यावर ठेवायची आणि वाजवायला सुरुवात करायची. पाय हलला की डबी कलंडायची आणि शंभर बटणं फरशीवर. मग उठायचं, मशीनखालचं, कपाटाखालचं एक न एक बटण वेचायचं, आणि परत बसायचं. पहिल्या दिवशी नऊ वेळा वेचली. आमचे हे दारात येऊन बघायचे आणि एखादं बटण उचलून डबीत टाकून जायचे. कंबरेचं दुखणं लागलं, पण महिन्यानं एक दिवस दुपारी अख्खा धडा वाजवून झाला आणि डबी गुडघ्यावर जशीच्या तशी होती. त्या दिवशी मी दोन गिऱ्हाइकांना ब्लाउज वेळेच्या आधी दिले, एवढी खुशीत होते.

तेवढ्यात खालच्या काकू वर आल्या. निवृत्त शिक्षिका आहेत, एकट्या राहतात, बोलणं एकदम सरळ. "दुपारी तू मिरच्या कांडतेस का गं?" म्हणाल्या. हेडफोनमुळं आवाज बाहेर जात नाही या भ्रमात मी होते. आवाज जात नव्हता, पण पायटीचा दणका फरशीतून त्यांच्या छतात जात होता. काकूंची दुपारची झोप महिनाभर मोडली होती आणि त्यांनी महिनाभर वाट बघून मग तोंड उघडलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोडून देणार होते असं मात्र नाही. सोडायचं कारण सदतीस वर्षांपूर्वी मिळालं होतं तेवढं पुरे.

माझ्याकडं कापलेल्या चिंध्यांची पोती पडून असतात. त्या आठवड्यात मी वाकळ शिवली. आईकडून शिकलेली, पण अंगावर घ्यायची नव्हे. अस्तराच्या चिंध्या, जुने परकर, वर सतरंजी, असे नऊ थर घालून जाड दोऱ्यानं टाके मारले. हात सुजले माझे. ती ड्रमखाली अंथरली, यांना पायटी मारायला बसवलं आणि मी खाली काकूंच्या घरी जाऊन छताकडं बघत बसले. काकूंनी चहा केला. पाच मिनिटांनी म्हणाल्या, "सुरू कर म्हण की त्याला." मी म्हटलं, कधीचं चालू आहे. त्या हसल्या. नंतर त्याच विचारायला लागल्या, कितपत आलं गं, बापाला कधी ऐकवणार?

कधी, हाच प्रश्न होता. दिवाळी तोंडावर आली आणि शिवणाऱ्या बाईला दिवाळीत मरायला वेळ नसतो. तरी दुपारी दोन ते तीन मी दाराला कडी घालायचे. "तासभर काय करता हो आत?" असं एकीनं विचारलं. कवायत करते म्हणाले.

भाऊबीजेला गावी गेले. आबा सोप्यात कॉटवर बसले होते. स्वयंपाकघरात कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या आणि आबा वहिनीला हाक मारून विचारत होते, कुकर लावलास न्हाई का अजून. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसून बोलले, तर ओठांकडं बघत होते. समजल्यासारखी मान हलवत होते, पण समजत नव्हतं. हवालदाराला हे कबूल करायचं नव्हतं. भाऊ म्हणाला, "एवढंच असंल तर फोनवर टेप करून ऐकव की." तेही करून बघितलं होतं. फोन कानाला लावल्यावर म्हणाले होते, पत्र्यावर खडं पडल्यागत वाजतंय. आणि फोनमधलं कुणीही वाजवलेलं असू शकतं. मोठा स्पीकर लावावा तर अख्खी गल्ली दारात गोळा होईल, आणि गल्लीसमोर आबा माझं वाजवणं ऐकत बसणार नाहीत, काठी घेऊन उसाकडं चालते होतील. मला त्यांना ओळखायला चाळीस-पन्नास वर्षं मिळाली आहेत. ऐकवायचं ते हेडफोनमधूनच, समोर बसून, बापलेकीतच.

भाऊबीजेनंतरच्या तिसऱ्या रविवारी आम्ही निघालो. सेट सोडताना मी प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना आणि ती जिथं लागते त्या भोकाशी एकाच रंगाचा दोरा बांधला. मोठ्या ड्रमला लाल, झांजेला पिवळा, असं करत सगळं. ड्रमचा आवाज काढणारा डबा नऊवारीत गुंडाळला. टेम्पोला हळदीचा वास होता. कराड सोडेपर्यंत मी मांडीवर बोटं वाजवत होते. हे म्हणाले, "डिझेल संपंल तुझ्या हातातलं." मग मी हात मांडीखाली घेऊन बसले.

गावी पोचल्यावर भाऊ रानात गेलेला होता, वहिनी भाकऱ्या थापत होती. यांनी सामान सोप्यात आणून ठेवलं आणि टेम्पोत जाऊन आडवे झाले. मी दोरे बघून बघून सेट उभा केला. आबा कॉटवरून बघत होते, जणू मी तोफ जोडत होते.

"काय हाय ह्ये?" ते ओरडले. आताशा ते सगळंच ओरडून बोलतात.

"ड्रम," मीही ओरडले.

"कुणाचा?"

"माझा. मी वाजवते. तुम्हाला ऐकवायला आणलाय."

त्यांना ते कळलं. ओठ वाचून कळलं की कान अजून तेवढा शाबूत होता, ठाऊक नाही, पण कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. काठी घेतली, चपलेत पाय घातला आणि म्हणाले, "मी जरा उसाकडं जाऊन येतो."

माझं डोकं फिरलं. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "आबा, बसा," म्हणाले. ते थांबले. या आवाजात मी त्यांच्याशी जन्मात बोलले नव्हते. "तुमच्या एका शब्दावर मी सदतीस वर्षं गप बसले. तुमी धा मिनिटं बसा. मला तुमच्याकडनं ह्येच पायजे, दुसरं काय मागाय आले न्हाई." माझे डोळे भरून आले होते आणि मला त्याचा राग येत होता. आबांनी चपला काढल्या, काठी कॉटला टेकवली. मग बसले.

मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर घातला. घातल्याबरोबर त्यांनी तोंड वेडंवाकडं करून तो उपसून काढला. "शिट्टी वाजती," म्हणाले. परत घातला, परत शिट्टी. डबा बंद-चालू केला, वायर बदलली, आवाज कमी-जास्त केला, तरी शिट्टी. त्यांना वाटायला लागलं मी चेष्टा करतेय. अर्धा तास गेला. वहिनी दारातून म्हणाली, "वन्सं, जाऊ द्या की, जेवून घ्या." मला वाटलं, झालं, नशिबातच नाही. तेवढ्यात हेडफोन मी नुसता त्यांच्या कानाजवळ नेला आणि मलाच ती शिट्टी ऐकू आली, बारीक, कानातल्या यंत्रातून. यंत्रावर काही झाकलं की ते ओरडतं, एवढंच होतं ते. मी खुणेनं सांगितलं, यंत्र काढा.

आबा त्या यंत्राला कुणाला हात लावू देत नाहीत. एकदा ते काढलं की त्यांना जग बंद होतं, समोरचा काय म्हणेल ते म्हणेल. त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं. मग स्वतःच्या हातानं ते काढलं, पुसलं आणि खिशातल्या छोट्या डबीत ठेवलं. मी हेडफोन घातला, आवाजाचं बटण निम्म्याच्या वर नेलं आणि मोठ्या ड्रमची पायटी एकदा मारली. आबांच्या भुवया वर गेल्या. मी बोटानं विचारलं, आलं? त्यांनी मान हलवली.

मी काड्या उचलल्या, छोट्या ड्रमवर मारलं आणि हात जागीच थांबले. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

हेडफोनचं भोक एकच. सगळं आठवणीनं बांधलं, रंगीत दोरे लावले, पण आबांच्या कानाला हेडफोन गेला की माझ्या कानाला काही उरणार नाही, हे इतक्या महिन्यांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. घरी रोज मीच हेडफोन घालायचे ना. आता ड्रम सगळा त्यांच्या कानात आणि माझ्यापुढं नुसती रबराची टप्प टप्प. आवाज गेला की हात कसे आंधळे होतात ते मला त्या क्षणी कळलं. आणि पाठोपाठ हेही वाटलं, की माझा बाप वर्षानुवर्षं असाच बसलाय, सगळं चाललेलं बघत, कानावर काही नाही.

पुन्हा कधीतरी येऊ असं मनात आणलं नाही. परत येईपर्यंत कान राहिला नसता. मी तोंडानं मोजायला सुरुवात केली. एक दोन तीन चार. आबा अंगणात मोजायचे तसं मोठ्यानं, त्यांना ऐकू येण्याची भीती नव्हती. सुरुवातीला शाळेतलीच परेडची चाल घेतली, मग तिच्यात झांज मिसळली, मग मोठा ड्रम दुहेरी केला, जसं बसवलं होतं तसं. दोनदा हात चुकला असं वाटलं, पण ऐकूच येत नव्हतं तर खात्री कशी करणार. थांबले नाही. घाम डोळ्यांत जात होता. मधे एकदा वर बघितलं तर आबांनी डोळे मिटले होते. झोपले की काय, वाटलं. मग त्यांची मूठ दिसली. मांडीवर पडलेली मूठ हलत होती, ठेक्यात.

चार मिनिटांचं होतं ते. शेवटचा ठोका मारला आणि काड्या मांडीवर ठेवल्या. सोप्यात एकदम शांत झालं. म्हणजे शांत तर आधीपासूनच होतं, बाहेरच्या कुणाला काही ऐकू गेलं नव्हतं. आबांनी डोळे उघडले नाहीत. मी वाट बघत राहिले. काहीतरी बोला, असं मनात म्हणत राहिले.

आणि आबा बोलले. डोळे मिटलेलेच, कानावर हेडफोन, यंत्र डबीत. त्यांना वाटलं असणार आपण मनातल्या मनात पुटपुटतोय. पण स्वतःचा आवाज ज्याला ऐकूच येत नाही त्या तोफखान्यातल्या माणसाचं पुटपुटणं ते. परेडच्या मैदानावर हुकूम सोडावा तसा आवाज आला, भिंती ओलांडून गेला.

"चुकलं माजं. पोरीला वाजवू द्यायला पायजे हुतं."

वहिनी पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. समोरच्या अंगणात झाडणारी बाई झाडू धरून थांबली. टेम्पोत आडवे झालेले आमचे हे उठून बसलेले मला खिडकीतून दिसले. जे कान त्यांनी आयुष्यभर टाळले असते, त्या सगळ्या कानांनी ते ऐकलं. 

आबांनी डोळे उघडले, हेडफोन काढला, डबीतून यंत्र काढून कानात घातलं. सगळं सावकाश, शिस्तीत. मी पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन, नीट ऐकू जाईल असं विचारलं, "काय म्हणालात आबा?"

"कवा?"

"आत्ता. वाजवून झाल्यावर."

"काय न्हाई," ते म्हणाले. "मी कुठं काय बोललो?"

दारात उभी असलेली वहिनी माझ्याकडं बघत होती. मी तिला डोळ्यांनी गप केलं. समोरची बाई पुन्हा झाडायला लागली.

"बरं वाजवतीस," आबा इकडंतिकडं बघत म्हणाले. "हात जरा ताठ हाय अजून."

"परत ऐकणार का?"

 त्यांनी कानातलं यंत्र पुन्हा काढलं, डबीत ठेवलं आणि हेडफोन घालून घ्यायला माझ्यापुढं मान खाली केली.